हेवीवेटचे सर्वकालीन दहा: चवथीच्या वादात टिकेल अशी यादी कशी करावी

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, घर भरलं, आरत्या आटोपल्या आणि पंचखाद्य वाटून झालं, की गणपतीच्या डोक्यावर फळापानांनी सजवलेल्या माटोळीखाली बसून कुणीतरी हा विषय काढतोच: बॉक्सिंगच्या हेवीवेटमध्ये, म्हणजे सर्वांत वजनदार गटात, आजवरचा महान कोण? थोरले काका म्हणतात अली. पुण्याला नोकरीला असलेला चुलतभाऊ म्हणतो टायसन. बारावीतला भाचा मोबाईलवर युसिक काढून दाखवतो. मग आवाज चढतात. फुटबॉलवर जीव टाकणाऱ्या गोव्यात बॉक्सिंगवरून इतकं तापावं याचं मला दरवर्षी नवल वाटतं. यादी नीट करायची असेल तर तिची एक पद्धत आहे. वही, थोडा वेळ आणि बऱ्यापैकी नेट एवढ्यावर काम भागतं.

माझ्या पद्धतीच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: याने कुणाला हरवलं, आणि हरणारा त्या दिवशी कसा होता? किती नॉकआउट, जगज्जेतेपदाचे किती पट्टे, किती वर्षं अजिंक्य, हे सगळं त्यानंतर.

आधी नियम, मग नावं

आपल्याकडे दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुराच्या पुतळ्यांची स्पर्धा होते; तीत उंचीला किती गुण, कलाकुसरीला किती आणि हलत्या देखाव्याला किती, हे आधी जाहीर केलं नाही तर पहाटे निकालाच्या वेळी काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. इथेही तेच. नावं आधी घेतली की प्रत्येकजण आपल्या लाडक्याला सोयीचा नियम शोधतो.

‘महान कोण’ म्हणताना लोक तीन वेगळे प्रश्न एकत्र करतात. पूर्ण कारकीर्द कुणाची मोठी? ऐन भरात असताना सर्वांत धोकादायक कोण? आणि दोघांना एका रिंगमध्ये उभं केलं तर कोण जिंकेल? तिन्हींच्या याद्या वेगळ्या निघतात. तिसरा प्रश्न तर बाजूलाच ठेवा. रॉकी मार्सियानो जेमतेम 185 पौंडांचा आणि व्लादिमिर क्लिच्को साडेसहा फूट उंच. त्यांची लढत मनात लावून कुणाचंच समाधान होत नाही. आपण पहिल्या प्रश्नाची यादी करू.

दुसरा नियम वजनाचा. आज 200 पौंडांच्या, म्हणजे 90.7 किलोंच्या वरचा तो हेवीवेट. पण 1980 च्या सुमारास हेवीवेटच्या लगेच खालचा क्रूझरवेट गट आला, त्याआधी 175 पौंडांच्या वरचे सगळे हेवीवेटच होते. म्हणून ज्या काळात जी रेषा होती तीच धरायची. मार्सियानोला ‘आजच्या हिशेबाने क्रूझरवेट’ म्हणून बाहेर काढणं अन्यायाचं आहे. उलट होलीफिल्ड आणि युसिक यांनी क्रूझरवेटमध्ये केलेला पराक्रम कितीही मोठा असला तरी तो या वहीत येणार नाही.

तिसरा नियम ऐकायला कठोर वाटतो, पण त्याने निम्मा वाद मिटतो: न झालेल्या लढतींना गुण नाहीत. सैन्यात जायला नकार दिल्यामुळे अलीची 1967 ते 1970 ही ऐन उमेदीची वर्षं गेली. जो लुईची महायुद्धात गेली, टायसनची तुरुंगात. हळहळ वाटते. पण ‘तेव्हा खेळला असता तर’ म्हणून कुणाच्या खात्यावर एकही गुण चढवायचा नाही.

पंचवीस नावांची कच्ची यादी

सुरुवात 1908 पासून करा. जॉन एल. सलिव्हनला कॉर्बेटने 1892 मध्ये न्यू ऑर्लिन्सला हरवलं तिथून हातमोज्यांचं युग धरतात खरं, पण त्या काळातलं पाहण्यासारखं चित्रीकरण फार थोडं आहे.

माझी पंचवीस नावं अशी: जॅक जॉन्सन, सॅम लँगफर्ड, जॅक डेम्प्सी, जीन टनी, जो लुई, एझर्ड चार्ल्स, जर्सी जो वॉलकॉट, रॉकी मार्सियानो, फ्लॉइड पॅटरसन, सनी लिस्टन, मुहम्मद अली, जो फ्रेझियर, जॉर्ज फोरमन, केन नॉर्टन, लॅरी होम्स, मायकेल स्पिंक्स, माईक टायसन, इव्हँडर होलीफिल्ड, रिडिक बो, लेनॉक्स लुईस, व्हिताली क्लिच्को, व्लादिमिर क्लिच्को, टायसन फ्युरी, अँथनी जोशुआ, ओलेक्सांदर युसिक. एखादं नाव बदललंत तरी चालेल.

प्रत्येकाला वहीचं एक पान द्या आणि त्यावर त्याच्या फक्त दहा महत्त्वाच्या लढती लिहा. रकाने: तारीख, प्रतिस्पर्धी, त्या दिवशी प्रतिस्पर्ध्याचं वय, त्याचे आधीच्या दोन वर्षांतले निकाल, लढतीचा निकाल, आणि ‘स्वतः पाहिली का’. नोंदी बॉक्सरेक या संकेतस्थळावर मिळतात. जुन्या लढतीची बातमी त्या वेळी कशी आली होती हे बघायचं असेल, तर पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात एक दुपार घालवा आणि जुन्या वर्तमानपत्रांची चौकशी करा.

गुण शंभरातून: प्रतिस्पर्ध्यांना 45, भराच्या काळाला 20, टिकून राहण्याला 20, आणि अडचणीत किंवा पराभवानंतर काय केलं याला 15. हे आकडे बदललेत तरी हरकत नाही, पण प्रतिस्पर्ध्यांचा वाटा सर्वांत मोठा ठेवा.

पंचेचाळीस गुणांचं गणित

खरा वेळ इथेच जातो. साधा नियम ठेवा: हरणारा छत्तिशीपुढचा असेल, किंवा दीड वर्षाहून अधिक काळ रिंगपासून लांब असेल, किंवा शेवटच्या तीन लढतींपैकी दोन हरलेला असेल, तर त्या विजयाचे निम्मे गुण. यातल्या दोन गोष्टी लागू झाल्या तर शून्य. अपवाद फक्त त्या दिवशी जगज्जेता असलेल्या माणसाचा. पट्टा राखून असलेल्याला म्हातारा ठरवायचं नाही.

मार्सियानोचं पान घ्या. 49 लढती, 49 विजय, 43 नॉकआउट. हा आकडा ऐकल्यावर अनेकजण वही मिटतात आणि पहिला क्रमांक देऊन मोकळे होतात. आता रकाने भरू. ऑक्टोबर 1951 मध्ये हरवलेला जो लुई 37 वर्षांचा होता. त्याआधी तो सलग आठ लढती जिंकला होता, म्हणून शून्य नाही, पण निम्मेच. सप्टेंबर 1952 मध्ये फिलाडेल्फियाला हरवलेला वॉलकॉट 38 चा, पण तो जगज्जेता होता, म्हणून पूर्ण गुण. 1954 मध्ये दोनदा हरवलेला एझर्ड चार्ल्स तेहतिशीच्या आसपासचा आणि कसलेला; दोन्हींना पूर्ण. 1955 मधला आर्ची मूर चाळिशीच्या आगेमागे होता आणि मुळात हलक्या गटाचा जगज्जेता, निम्मे. बेरीज चांगली येते, पण अलीच्या जवळपासही जात नाही.

आता अलीचं पान. ऑक्टोबर 1974, किन्शासा. फोरमन 25 वर्षांचा, 40 पैकी 40 लढती जिंकलेला. ज्या फ्रेझियर आणि नॉर्टनने अलीला हरवलं होतं, त्या दोघांनाही त्याने दोन-दोन फेऱ्यांत लोळवलं होतं. अली 32 चा. आठव्या फेरीत नॉकआउट. हेवीवेटच्या इतिहासात प्रतिस्पर्ध्याची अवस्था पाहता याहून मोठा विजय मला सापडत नाही. शिवाय 1964 चा लिस्टन, 1974 आणि 1975 चा फ्रेझियर, लाइल, शेव्हर्स. नॉर्टनवरचे दोन विजय मात्र काठावरचे होते, आणि 1976 चा निकाल आजही अनेकांना पटत नाही. तिथे मी पूर्ण गुण देत नाही.

याच नियमाने दुसऱ्या बाजूला कात्रीही लागते. ऑक्टोबर 1980 मध्ये होम्सने अलीला हरवलं. अली 38 चा, दोन वर्षं रिंगबाहेर. होम्सला शून्य. जॅक जॉन्सनची सर्वांत गाजलेली लढत म्हणजे 4 जुलै 1910, रीनो, समोर जिम जेफ्रीज. इतिहास म्हणून तिची किंमत प्रचंड, कारण काळा जगज्जेता सहन न होणाऱ्यांनी जेफ्रीजला निवृत्तीतून ओढून आणलं होतं. पण तो जवळजवळ सहा वर्षं रिंगमध्ये उतरलेला नव्हता. जॉन्सनचे खरे गुण त्याआधीचे आहेत: पट्टा मिळण्यापूर्वी त्याने लँगफर्ड, जॅनेट, मॅकव्हे अशा काळ्या मुष्टियोद्ध्यांना हरवलं, तेव्हा त्यांच्याशी लढायला कुणी गोरा विजेता तयार नव्हता.

दारच बंद असेल तर

इथे जरा थांबावं लागतं, कारण आकडे खोटं बोलतात ती हीच जागा. जॉन्सनने 1915 मध्ये पट्टा गमावला, त्यानंतर 1937 पर्यंत एकाही काळ्या मुष्टियोद्ध्याला हेवीवेटच्या जगज्जेतेपदासाठी लढू दिलं नाही. डेम्प्सी 1919 ते 1926 जगज्जेता होता. हॅरी विल्स त्याच्यासमोर उभा राहण्याची वाट बघत राहिला आणि ती लढत झालीच नाही. यात दोष एकट्या डेम्प्सीचा नव्हता, लढती भरवणाऱ्या प्रवर्तकांचाही होता. पण नियम एकदा केला की केला: न झालेल्या लढतीला गुण नाहीत. डेम्प्सीच्या पानावर म्हणूनच मोठं नाव फारसं नाही, आणि टनीशी दोन्ही वेळा तो हरला.

लँगफर्डचा प्रश्न अवघड आहे. त्याला हेवीवेटच्या पट्ट्यासाठी लढतच मिळाली नाही. पण त्याने कुणाला हरवलं हे पाहता तो अनेक जगज्जेत्यांच्या वर जातो. चित्रीकरण कमी असल्यामुळे मी त्याला पहिल्या दहात ठेवत नाही, पण यादीखाली त्याचं नाव ठळक लिहून ठेवतो.

पट्टे मोजत बसू नका

आज चार संस्था पट्टे देतात: डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ, डब्ल्यूबीओ. एकाच वेळी चार जगज्जेते असू शकतात, म्हणून ‘किती वेळा जगज्जेता’ हा आकडा फसवा. जो लुईने जून 1937 पासून मार्च 1949 पर्यंत पट्टा राखला आणि 25 वेळा बचाव केला, तोही जगात एकच जगज्जेता असताना. डिसेंबर 1940 ते जून 1941 या काळात तो महिन्याला साधारण एक लढत खेळला. पत्रकारांनी तेव्हा त्याच्या प्रतिस्पर्ध्यांची टर उडवली. प्रतिस्पर्धी सुमार होते हे खरं, पण वर्षातून एकदा कशीबशी लढत ठरवणाऱ्या आजच्या विजेत्यांकडे पाहिलं की टिकावाचे वीसपैकी वीस गुण लुईलाच द्यावे लागतात. होम्सचे बचाव 20. व्लादिमिर दुसऱ्यांदा जगज्जेता झाला तेव्हाचे 18. दोघांच्याही पानावर नावं वाचा, नुसते आकडे पाहू नका.

लढत पाहायची कशी

आवाज बंद करून. समालोचक आवडत्याच्या बाजूने बोलतो आणि आपण नकळत तेच पाहू लागतो.

सरावाला 9 जून 1978 ची होम्स-नॉर्टन लढत घ्या. पंधरा फेऱ्या. निकाल विभागून: दोन पंचांनी 143-142 होम्सला दिले, तिसऱ्याने 143-142 नॉर्टनला. म्हणजे शेवटच्या एका फेरीवर जगज्जेतेपद ठरलं. ती पंधरावी फेरी तीनदा पाहा. पहिल्यांदा फक्त होम्सचा डावा हात: जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, खांद्यातून निघतो, परत यायला वेळ घेत नाही, आणि दमलेला असूनही तो हात खाली पडू देत नाही. दुसऱ्यांदा फक्त नॉर्टनचे पाय: तो पुढे घुसत राहतो, दोन्ही हात चेहऱ्यासमोर आडवे धरून, आणि जवळ पोचला की वरून उजवा टाकतो. तिसऱ्यांदा कागद घ्या आणि स्वतः गुण द्या, जिंकणाऱ्याला 10, हरणाऱ्याला 9. घरात पाचजण असाल तर पाचांनी वेगवेगळे द्या आणि मगच एकमेकांना दाखवा. एवढं केलं की ‘पंचांनी लुटलं’ हे वाक्य यापुढे जपून वापरलं जातं.

फेऱ्यांची संख्याही वहीत लिहा. 1982 मध्ये कोरियाचा किम डुक-कू लढतीतल्या दुखापतीने गेला, त्यानंतर जगज्जेतेपदाच्या लढती हळूहळू पंधरावरून बारा फेऱ्यांवर आल्या. याने काय फरक पडतो? जून 1941 मध्ये बिली कॉन बाराव्या फेरीअखेर दोन पंचांकडे जो लुईच्या पुढे होता. तेराव्यात बाद झाला. 1952 मध्ये वॉलकॉट बारा फेऱ्यांनंतर तिन्ही पंचांकडे मार्सियानोच्या पुढे होता. तोही तेराव्यात बाद. आजचे नियम असते तर लुईचं राज्य 1941 मध्येच संपलं असतं आणि 49-0 हा आकडाच झाला नसता. म्हणून एका काळाचा माणूस दुसऱ्या काळाच्या नियमाने मोजू नका, आणि अडचणीच्या पंधरा गुणांत या दोघांना हात सैल सोडून द्या.

जमलं तर एकदा रिंगच्या कडेला बसून पाहा. 2023 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या तेव्हा बॉक्सिंगही होतं. हौशी लढत तीन फेऱ्यांची, पण बरगडीवर बसलेल्या ठोशाचा आवाज पडद्यावर येत नाही.

टायसनचं काय करायचं

दर दुसऱ्या वाड्यावर टायसन नावाचा कुत्रा आहे, पण होम्स नावाचा मी अजून पाहिलेला नाही. प्रसिद्धी ती ही. टायसन 1986 मध्ये विशीत जगज्जेता झाला, आजवरचा सर्वांत तरुण. जून 1988 मध्ये अजिंक्य मायकेल स्पिंक्सला 91 सेकंदांत आडवं केलं. भराच्या काळाचे वीसपैकी एकोणीस गुण मी त्याला डोळे मिटून देतो.

पण बाकीचे रकाने भरा. जानेवारी 1988 चा होम्स 38 चा आणि दीड वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिलेला: शून्य. फेब्रुवारी 1990 मध्ये टोकियोत बस्टर डग्लसकडून नॉकआउट. होलीफिल्डकडून दोनदा हार, त्यातली दुसरी कान चावून. लुईसकडून 2002 मध्ये आठव्या फेरीत. ज्याने त्याला एकदा हरवलं, त्याला टायसनने परत कधीच हरवलं नाही. लेनॉक्स लुईसचं बरोबर उलट: मॅकॉल आणि रहमान यांनी त्याला बाद केलं, दोघांचाही त्याने हिशेब चुकता केला. व्यावसायिक रिंगमध्ये त्याच्यासमोर आलेला असा एकही नाही ज्याला त्याने एकदा तरी हरवलं नाही.

चुलतभावाला राग येईल. त्याला रकाने दाखवा, तोंडाने वाद घालू नका.

घरातल्या याद्या एकत्र करणं

प्रत्येकाने आपली दहा नावं आधी कागदावर लिहून घडी घालायची. पहिल्याला 10 गुण, दुसऱ्याला 9, असं दहाव्याला 1. बेरीज करा. मग फक्त त्या नावांवर चर्चा करा ज्यांच्या जागेत दोन याद्यांमध्ये पाचांहून अधिक फरक आहे. बाकीच्यांवर बोलत बसलात तर उत्तरपूजेपर्यंत संपणार नाही. मोठ्यांच्या मताला जास्त वजन नाही, हे आधीच सांगून ठेवा. काका मान्य करतात, वहिनी हसतात.

माझी यादी आज अशी आहे. 1. अली. 2. जो लुई. या दोघांच्या क्रमावर मी भांडणार नाही. 3. फोरमन: 1973 मध्ये किंग्स्टनला अजिंक्य फ्रेझियरला सहा वेळा खाली पाडलं आणि 1994 मध्ये 45 व्या वर्षी पुन्हा जगज्जेता झाला. 4. लेनॉक्स लुईस, होलीफिल्ड आणि टायसन त्याला उतरणीला मिळाले म्हणून वर नाही. 5. होम्स, जॅबसाठी आणि सात वर्षांच्या सातत्यासाठी. 6. होलीफिल्ड: हारला खूप, पण बो आणि टायसन दोघांनाही त्यांच्या जगज्जेतेपदावरून खाली उतरवलं. 7. फ्रेझियर. 1971 मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनला अलीला हरवणारा माणूस. आयुष्यात फक्त अली आणि फोरमन यांच्याकडून हरला. 8. युसिक. 9. मार्सियानो. 10. जॅक जॉन्सन. अकरावा टायसन, बारावा लिस्टन, तेरावा व्लादिमिर.

युसिकचं पान शिसपेन्सिलीने लिहा. मे 2024 मध्ये रियाधला त्याने तोवर अजिंक्य असलेल्या फ्युरीला हरवून चारही पट्टे एकत्र केले, डिसेंबरमध्ये त्यालाच पुन्हा हरवलं, आणि जुलै 2025 मध्ये वेम्बलीला डुबुआला पाचव्या फेरीत बाद केलं. जोशुआवर त्याआधीच दोन विजय. यातला एकही प्रतिस्पर्धी छत्तिशीपुढचा नव्हता, म्हणून नियमाप्रमाणे कुठेच निम्मे गुण होत नाहीत. त्याच्या पानावर कमी आहे ती फक्त लढतींची संख्या. हेवीवेटमध्ये तो उशिरा आला, त्यामुळे टिकावाचे वीसपैकी मी सध्या आठच दिलेत. आणखी दोन-तीन मोठे विजय आले तर तो होलीफिल्डच्या वर जाईल, आणि तेव्हा भाच्याला फोन मीच करीन.